लाव्याच्या छातीवरचे ठिपके

गेल्या वर्षी ईस्टरच्या सुट्टीत माझ्या नातीने हट्ट धरून लाव्याची बारा अंडी मागवली. पोस्टाने! मला वाटलं होतं, निम्मी फुटूनच येणार. पण खोक्यात फोमचे कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यात एकेक ठिपकेदार अंडं अगदी सुखरूप बसलं होतं. कोंबड्यांना जागा लागते, आणि मेडनहेडमधल्या आमच्या घरामागे जेमतेम कपडे वाळत घालण्यापुरतं अंगण आहे. लाव्यांना मात्र सशाचं जुनं खुराडंही पुरतं. छोटं इन्क्युबेटर साडेसदतीस अंशांवर ठेवलं आणि सतराव्या दिवशी रात्री आतून टकटक ऐकू आली. सकाळपर्यंत नऊ पिल्लं बाहेर. सुपारीएवढी. अंगावर पिवळे-तपकिरी पट्टे.

"आजी, यातले बॉइज कोण आणि गर्ल्स कोण?" पहिला प्रश्न हाच.

मी म्हटलं, तीन आठवडे थांब, मग सांगते. हे मी पुस्तकात वाचून सांगितलं नव्हतं. पण तीन आठवडे हातात होते, म्हणून लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचत बसले, आणि एवढासा पक्षी मला माणपासून विंडसरपर्यंत आणि तिथून जपानपर्यंत फिरवून घेऊन आला. तीच ही हकीगत.

आधी माणबद्दल. माझं माहेर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं. कमी पावसाचा, बाभळी-बोरींचा, कुसळी गवताच्या माळांचा मुलूख. ज्यांनी लहानपण कोकणात किंवा पुण्या-मुंबईत काढलं त्यांना लावे कदाचित फक्त गोष्टीत भेटले असतील. आम्हाला ते पायाखाली भेटायचे. माळावरून चालताना काहीच दिसत नसायचं, आणि एकदम पायाजवळून आठ-दहा गोळे भुर्रर्र करून चहूबाजूंना उडायचे. काळजात धस्स व्हायचं. हे लावे जमिनीवर गोल करून, तोंडं बाहेरच्या बाजूला ठेवून बसतात. त्यामुळे उडताना एकमेकांवर आपटत नाहीत.

सुगी संपली की आमच्या गावाबाहेर फासेपारध्यांची पालं पडायची. त्यातले एक वयस्क गृहस्थ वडिलांकडे लावे घेऊन येत. वडील त्यांना 'बाबा' म्हणत, म्हणून आम्हीही बाबाच म्हणायचो. त्यांचे फासे मी पाहिलेले आहेत. लाकडी खुंट्यांची लांब माळ, आणि प्रत्येक खुंटीला बारीक दोऱ्याचा सरकता फास. ती माळ झुडपांच्या कडेने ठोकायची आणि पलीकडून सावकाश, अजिबात घाई न करता, लावे चालत येतील असे हाकायचे. घाई केली की उडाले! बाबा लावा हातात उलटा धरून त्याच्या छातीवर हलकी फुंकर मारत. पिसं बाजूला होत. "ह्यो पट्ट्यापट्ट्याचा, ह्यो नर. ही बघा कोरी, ही मादी." पांढऱ्या छातीवर काळ्या आडव्या रेघा म्हणजे नर, आणि साधी विटकरी छाती म्हणजे मादी. पोटात अंडं आहे असं हाताला लागलं, तर ती मादी ते परत माळावर नेऊन सोडत. का सोडता, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वडिलांना म्हणाले, "पोरीला इचारायला येतंय."

आता गंमत बघा. हेच लावे, हाच मुलूख, आणि हीच छातीवरची पिसं सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाने टिपून ठेवली आहेत. कर्नल विल्यम हेन्री साईक्स. जन्म १७९०चा, यॉर्कशायरमधला. कंपनी सरकारच्या फौजेत लढायला आला, आणि १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करायचं काम त्याच्याकडे आलं. गावं, पिकं, जमिनी, लोकसंख्या मोजता मोजता हा माणूस पक्षी आणि मासेही मोजत गेला. १८३२ साली त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध केली. आज शास्त्रज्ञ माळरानावरच्या लाव्याला 'पर्डिक्युला अर्गूंडा' आणि सह्याद्रीतल्या लाल चोचीच्या लाव्याला 'पर्डिक्युला एरिथ्रोऱ्हिंका' म्हणतात. या दोन्ही नावांच्या पुढे कंसात साईक्स आणि १८३२ असं असतं. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला, ॲबर्डीनचा खासदार झाला, १८७२ साली लंडनमध्ये वारला. साईक्सला हे पक्षी कोणी पकडून आणून दिले असतील? यादीत तसं नाव नाही. पण घोड्यावरून हिंडणाऱ्या साहेबाच्या हाती जिवंत लावा आपण होऊन आला असेल, असं मला तरी वाटत नाही.

साईक्स लंडनमध्ये वारला त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८७१ मध्ये, हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली आणि पारध्यांसारख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. हजेरी, परवाना, आणि सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली वसाहत. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. त्या जमाती हा दिवस अजून विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण मुंबई राज्यात १९५९ साली सवयीच्या गुन्हेगारांचा कायदा आला, आणि आमच्या गावात कुठे चोरी झाली की फौजदार आधी पालांकडेच जायचा. बाबा आमच्या ओसरीवर बसत, पण घरात आत कधी आले नाहीत. आम्हीही बोलावलं नाही. हे लिहिताना आता ते टोचतं.

नंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि रानातला लावा पकडणंच गुन्हा झाला. कायदा हवाच होता, माळ ओसाड होत चालले होते. पण ज्यांना दुसरं काही येत नव्हतं त्यांचं काय करायचं, हा विचार त्यात फारसा नव्हता. अलीकडे अकोला-वाशिम भागात 'संवेदना' नावाच्या संस्थेने फासेपारध्यांनाच बरोबर घेऊन गवताळ माळ राखायचं काम केलं आहे. कुठल्या गवतात कोण अंडी घालतं, कधी घालतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच रखवालदार करायचं. आमच्या बाबांना हे काम फार शोभलं असतं.

असो. आमची मेडनहेडची पिल्लं मात्र माणच्या जातीची नव्हेत. ती जपानी लावे. त्यांचा इतिहास वेगळाच आहे. जपानात लावे आधी आवाजासाठी पाळत, आपल्याकडे पोपट-मैना पाळतात तसे. नराची आरोळी ऐकायला लोक कान देऊन बसत. म्हणजे तेव्हा नराला भाव होता! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंड्यांसाठी पैदास सुरू झाली आणि पारडं फिरलं. दुसऱ्या महायुद्धात माणसांनाच खायला नव्हतं, तिथे लाव्यांना कोण दाणे घालणार? पाळीव लावे जवळजवळ संपले. गाण्याच्या जाती तर गेल्याच. युद्धानंतर उरल्यासुरल्या मोजक्या पक्ष्यांपासून पुन्हा पैदास उभी राहिली आणि तीच जगभर गेली. भारतात ते १९७४ साली कॅलिफोर्नियाहून बरेलीजवळच्या इज्जतनगरला आले. महाराष्ट्रातही मग बटेरपालनाचे शेड उभे राहिले. रानातला लावा आणि हा लावा दिसायला जवळचे, त्यामुळे कायद्याची गुंतागुंत झाली आणि २०११ मध्ये केंद्राने नवे परवानेच थांबवले. पुढे पाळीव जपानी लाव्याला त्यातून मोकळीक मिळाली. १९९० साली तर या लाव्याची पिल्लं 'मीर' अंतराळस्थानकात अंड्यातून बाहेर आली. पृथ्वीबाहेर जन्मलेले पहिले पक्षी! नातीला हे सांगितल्यावर तिने आमच्या खुराड्यावर 'मीर' असं खडूने लिहून टाकलं.

आता नर-मादी. जपानी लाव्यात खूण माणच्या अगदी उलट. इथे नराची छाती साधी, तांबूस विटकरी; आणि मादीच्या फिकट छातीवर काळे ठिपके. ही पिसं अडीच-तीन आठवड्यांनी येतात. मी आत्मविश्वासाने बाबांची खूण सांगायला गेले असते तर सगळा घोटाळा झाला असता. निसर्गाने एकाच कुळात एकीकडे नराला नक्षी दिली, दुसरीकडे मादीला. आणि तीन बोटांचा लावा म्हणून जो पक्षी आपल्याकडे आहे (तो खरा लावाच नव्हे, नुसता दिसायला तसा) त्याच्यात मादीच मोठी, तीच रंगीत, तीच आरोळ्या देते आणि तीच भांडते. अंड्यांवर बसून पोरं वाढवतो तो नर. जर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८६०च्या दशकात लिहिलं आहे की दक्षिणेत हा पक्षी पकडायला पिंजऱ्यात मादी ठेवत. तिची आरोळी ऐकून दुसऱ्या माद्या भांडायला धावत येत.

पण तीन आठवडे कोण थांबणार? धंदेवाल्याला पहिल्याच दिवशी कळायला हवं, कारण दाणा महाग. कोंबडीच्या बाबतीत हा प्रश्न दोन बाजूंनी सुटला. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई असताना केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेट यांनी सुचवलं की विशिष्ट जातींचा संकर केला तर पिल्लाच्या रंगावरूनच नर-मादी ओळखता येईल. आपल्या मुलांना शाळेत जीवशास्त्रात जो 'पनेट स्क्वेअर' काढायला लावतात ना, तेच हे पनेट. पुढे त्यांनी मायकेल पीझ यांच्याबरोबर अशा जातीच तयार केल्या. दुसरीकडे जपानात मासुई आणि हाशिमोतो यांनी एक दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार उघडून, आतल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या उंचवट्यावरून ओळखायची पद्धत बसवली. १९३३ साली त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं आणि जपानी कारागीर ही कला घेऊन परदेशी जाऊ लागले. तासाला शेकडो पिल्लं, डावीकडे मादी, उजवीकडे नर. उजवीकडच्यांचं पुढे काय होत असे हे सांगायला नको. अंड्यांच्या जातीचा नर कोणाच्याच कामाचा नाही. जर्मनीने २०२२ पासून ही पिल्लं मारायला कायद्याने बंदी केली, आणि आता अंड्यातच ओळखायची यंत्रं निघाली आहेत.

अंड्यातच ओळखायचं. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं.

आमच्या शाळेत माझ्या बाकावर एक मुलगी बसायची. तिचं नाव नकुसा. नको असलेली. चौथी मुलगी, आता तरी मुलगा होऊ दे म्हणून ठेवलेलं नाव. हजेरीत गुरुजी रोज ते नाव घ्यायचे, ती रोज 'हजर' म्हणायची, आणि आम्हाला कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी स्वतः तिसरी मुलगी. माझं नाव बरं आहे ते केवळ आजीने बारशाला हट्ट धरला म्हणून. पुढे सोनोग्राफी आली आणि नाव ठेवायचीही वेळ येईना. महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वात आधी त्याविरुद्ध कायदा केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. ऑक्टोबर २०११ मध्ये आमच्या सातारा जिल्ह्यात अडीचशेहून जास्त नकुसांना समारंभाने नवी नावं दिली, ती बातमी मी इथे बीबीसीवर पाहिली. माझी नकुसा त्यात नसणार, ती तेव्हा साठीच्या घरात असेल. पण मी पडद्यावर तिलाच शोधत होते.

आणि हे काही फक्त आपल्याकडेच नव्हतं बरं का. आमच्या घरापासून सहा-सात मैलांवर विंडसरचा किल्ला आहे. पाहुणे आले की आपण सगळेच त्यांना तिथे नेतो. तिथल्या सेंट जॉर्ज चॅपलमध्ये आठवा हेन्री आणि त्याची तिसरी राणी जेन सीमोर शेजारी शेजारी पुरलेले आहेत. ही राणी १५३७ च्या उन्हाळ्यात गरोदर होती आणि तिला डोहाळे लागले लाव्यांचे! साधे नव्हे, चांगले लठ्ठ लावे हवेत. इंग्लंडात मनासारखे मिळेनात. तेव्हा कॅले हे फ्रान्समधलं बंदर इंग्रजांकडे होतं आणि लॉर्ड लाईल तिथला कारभारी. त्याच्या बायकोने लाव्यांच्या खेपा पाठवायला सुरुवात केली. त्या बाईला आपल्या मुलींपैकी एकीला राणीच्या पदरी चिकटवायचं होतं. लंडनमधला त्यांचा माणूस जॉन हुसी दर पत्रात आठवण करतो की लावे पाठवा, लठ्ठ पाठवा. शेवटी राणी एका दुपारी लावे खाता खाता खूश झाली आणि म्हणाली, दोघी मुलींना पाठवा, एक ठेवून घेते. ॲन बॅसेटची निवड झाली. पुढे १५४० मध्ये लॉर्ड लाईलला अटक झाली, त्याची कागदपत्रं जप्त झाली, आणि जप्तीमुळेच ही सगळी पत्रं आजपर्यंत टिकली. १९८१ मध्ये ती सहा जाडजूड खंडांत छापली गेली. राजदरबाराचं राजकारण वाचायला म्हणून लोक ती उघडतात. मी लाव्यांसाठी उघडली.

हेन्रीला मुलगा हवा होता. त्यासाठी त्याने एक बायको सोडली, धर्म बदलला, दुसरीचं डोकं उडवलं. १२ ऑक्टोबर १५३७ ला जेनला मुलगा झाला आणि २४ ऑक्टोबरला ती गेली. बारा दिवस. तो मुलगा पंधरा वर्षांचा होऊन वारला. त्याच्यानंतर जिने इंग्लंडवर चव्वेचाळीस वर्षं राज्य केलं ती डोकं उडवलेल्या राणीची, नको असलेली मुलगी.

आता पुन्हा आमच्या खुराड्याकडे. ज्यांना पाळायचे असतील त्यांच्यासाठी थोडं अनुभवाचं. पिल्लांना पहिल्या आठवड्यात पस्तीस-सदतीस अंशांची ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. पिल्लं दिव्याखाली गर्दी करून बसली तर थंडी वाजतेय, लांब पळाली तर उकडतंय. थर्मामीटरपेक्षा तीच खरं सांगतात. पाण्याच्या ताटलीत गोट्या किंवा खडे टाका, नाहीतर एवढ्याशा पाण्यातही बुडून मरतात. आमचं एक असंच गेलं, दुसऱ्याच दिवशी, कारण मी मोठी गोष्ट सांगत बसले आणि खडे टाकायला विसरले. खायला टर्कीच्या पिल्लांचं भरडलेलं खाद्य, भरपूर प्रथिनांचं. कोंबडीचं साधं खाद्य पुरत नाही. खाली वर्तमानपत्र घालू नका, पाय घसरून फाकतात. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंडमध्ये एक पक्षी पाळला तरी सरकारकडे नोंद करावी लागते. बर्ड फ्लूमुळे हा नियम आला. २०२१ आणि २०२२ च्या हिवाळ्यांत सगळ्यांनाच आपले पक्षी आत कोंडावे लागले होते. नोंदणीचा अर्ज नातीनेच भरला.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी आम्ही एकेक पिल्लू हातात घेतलं. मी फुंकर मारली. अगदी बाबांसारखी, आपोआप. तीन ठिपकेदार. चार कोरे. म्हणजे तीन माद्या आणि चार नर. आणि आठवं पिल्लू पांढरं शुभ्र! त्याच्या छातीवर काय बघणार? पांढऱ्या जातीत पिसांवरून काहीच कळत नाही. सहा-सात आठवड्यांनी नराच्या शेपटीखाली गाठ येते आणि दाबली की फेस येतो. तोवर वाट बघायची.

खरा प्रश्न पुढेच होता. एका नराला निदान तीन-चार माद्या लागतात. कमी असल्या तर नर त्यांच्या डोक्यावरची पिसं उपटून रक्त काढतात आणि एकमेकांचे डोळे फोडतात. आमचा मुलगा जेवताना गमतीने म्हणाला, "आई, तू माणला लाव्याचा रस्सा करायचीस ना?" करायची. झकास व्हायचा. पण नात दोन दिवस बापाशी बोलली नाही. मग मला म्हणाली, "ते बॉइज आहेत म्हणून त्यांना खायचं?" मी काय उत्तर देणार? आमच्या दारच्या लिंबाखाली बाबांनी सोडून दिलेल्या मादीची गोष्ट तिला सांगितली, तर म्हणाली, "म्हणजे तेव्हाही बॉइजनाच खाल्लं."

शेवटी दोन नर रेडिंगकडच्या एका पक्षीपालकाने नेले. त्याच्याकडे माद्या जास्त झाल्या होत्या. एक माद्यांबरोबर ठेवला. उरलेला एकटा वेगळ्या खुराड्यात, माद्या दिसणार नाहीत अशा बाजूला. त्याच्या सोबतीला पांढरं पिल्लू. नातीने त्याचं नाव सोनी ठेवलं होतं, कारण तिच्या मते इतकं गोरंगोमटं पिल्लू मुलगीच असणार. दोघं गुण्यागोविंदाने राहिले.

जूनमध्ये एका पहाटे, चार वाजून दहा मिनिटांनी, वेगळ्या खुराड्यातून खणखणीत आरोळी आली. लगेच दुसरी. दुसरा आवाज निराळा होता, जरा घोगरा. मी गाऊनवर शाल घेऊन बाहेर गेले. शेजारच्या बाईंची खिडकी उघडलेली होती. सोनी मान ताणून, छाती पुढे काढून ओरडत होती. नात माझ्या मागे येऊन उभी राहिली, बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "आजी, आता फॉर्मवर बदलावं लागेल का?"

फॉर्मवर फक्त किती पक्षी एवढंच विचारतात. नाव सोनीच राहिलं.